हॅलोरनांच्या फाटकापर्यंत

आदरणीय अध्यक्षा मिसेस हेस्टर क्विल्टी, विराबी होम या आपल्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक मिस्टर स्टुअर्ट लँग, व्यासपीठावर बसलेले समितीचे सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती ग्लेनिस पॅस्को, मागे चहाच्या पिंपाशी केकच्या ताटांवर पहारा देत उभ्या असलेल्या भगिनी, आणि सप्टेंबरचं हे बोचरं वारं अंगावर घेत इथवर आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

तुम्हा सर्वांना विल्फ गॅरिटीचा मनःपूर्वक नमस्कार. होममधल्या माझ्या जुन्या सोबत्यांनाही मी याच ओळीत नमस्कार केला असता. पण त्यांना आणलेलं नाही. व्हॅन मिळाली नाही, असं कळलं. ज्यांच्या पायांसाठी ग्लेनिसने इतकी वर्षं घाम गाळला, ते तेवढे सोडून सगळं गाव निरोपाला हजर आहे. असो.

स्टुअर्टने मला दोन मिनिटं दिली आहेत. वर बजावलंय, "विल्फ, फक्त आभार माना. त्या प्रकरणाचा उल्लेख नको, लोकांना त्रास होतो." आता माझी अडचण अशी आहे मंडळी, की ते 'प्रकरण' म्हणजे माझी बायको. नेरिडा. तिला स्मृतिभ्रंश होता, ती होममध्ये राहायची. जुलैत, ऐन हिवाळ्यात, तिथला नाचाचा कार्यक्रम संपल्यावर ती ऑब्री टेनंटचा हात धरून दाराबाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीने गारठून मेलेली सापडली. त्यानंतर नाच बंद झाला. नाच घेणाऱ्या ग्लेनिसचं काम गेलं, आणि चारचौघांत बरं दिसावं म्हणून आपण त्याला निरोप समारंभ म्हणतोय. मग नेरिडाचं नाव न घेता मी कोणाचे आणि कशाचे आभार मानू?

तेव्हा दोन मिनिटांची मर्यादा मी ओलांडणार, हे आत्ताच सांगून टाकतो. माझ्या वयाच्या माणसाला थांबवायचं तर दंडाला धरून खाली बसवावं लागतं, आणि हेस्टर ते करणार नाही. तिला मी याच हॉलमध्ये तिच्या बापाच्या खांद्यावर लाळ गाळत झोपलेली पाहिली आहे. हसू नका, तुमच्यातल्या बहुतेकांना पाहिलंय.

माझं मागणंही आधीच सांगतो, म्हणजे शेवटी कुणाला फसल्यासारखं वाटायला नको. होममधला नाच पुन्हा सुरू करा. नेरिडा माझी बायको होती. हा नाच कायमचा बंद ठेवा असं म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. आणि मीच म्हणतोय, सुरू करा.

आता थोडं जुनं. नवीन मंडळींना ते ठाऊक नाही, आणि त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तुमच्या पायाखालच्या या फळ्या बघा. शनिवारी दुपारी आम्ही मेणबत्त्या किसून त्यावर पसरायचो आणि पोरांना पोत्यावर बसवून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचो. संध्याकाळी जमीन अशी गुळगुळीत, की नवखा माणूस आल्या आल्या आपटायचाच. बायका ताटं भरभरून केक आणायच्या, पुरुष बाहेर ट्रकांच्या मागे बाटल्या लपवायचे, आणि पाद्रीबाबांना दोन्हींचा ठावठिकाणा माहीत असायचा. या भिंतीला पोरी, त्या भिंतीला पोरं. आणि इथे, जिथे आत्ता अध्यक्षबाई बसल्या आहेत, तिथे मी ड्रम बडवत असायचो. वाजवणाऱ्याचं नशीब मोठं खट्याळ असतं. सगळं गाव त्याच्या तालावर नाचतं आणि त्याच्याबरोबर मात्र कुणीच नाचत नाही.

तेव्हाचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच सगळे पाळायचे. ज्याच्याबरोबर मुलीने शेवटचा वॉल्ट्झ, म्हणजे रात्रीचा शेवटचा जोडीनाच, केला, त्याने तिला घरी पोचवायचं. कितीही लांब असो, चिखल असो, थंडी असो. आणि पोचवायचं कुठपर्यंत? फाटकापर्यंत. घरात दिवा असेल तर दारापर्यंत जाऊन आईवडिलांना दोन शब्द बोलायचे. दिवा मालवलेला असेल तर फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. टोपी काढायची, शुभरात्री म्हणायचं आणि मागे फिरायचं. नेरिडाचे वडील म्हातारे हॅलोरन, नदीपलीकडे त्यांची मेंढरं आणि घर. त्यांच्या बाबतीत हा नियम पाळलेलाच बरा असे. त्यांच्याकडे दोन कुत्री होती आणि त्या दोघांपेक्षा तेच जास्त भुंकायचे.

नेरिडाला दर शनिवारी पोचवायचा ऑब्री. ऑब्री टेनंट, मेंढ्यांची लोकर कातरणारा. लांब टांगांचा, देखणा, कमी बोलणारा. मग तुम्ही म्हणाल, हॅलोरनांची पोर या ढोलवाल्याच्या गळ्यात पडली कशी? तीच आली. एका शनिवारी या पायऱ्यांशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय रे ढोलवाल्या, शेवटचा वॉल्ट्झ ड्रमशिवाय होतो का?"

"होतो की. अकॉर्डियनवाला घेतो सांभाळून."

"मग खाली उतर. का तिथेच म्हातारा व्हायचंय?"

उतरलो. मला नाचता येत नव्हतं. तिच्या नव्या बुटांची मी काय दशा केली, ते ती पुढे चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगत असे. ऑब्रीने माझ्या सायकलची हवा सोडली. पण आमच्या लग्नात पहिला पेला उचलला तो त्यानेच. त्याने स्वतः लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. आम्ही शेजार धरून म्हातारे झालो.

मग नेरिडाला हा आजार लागला. आधी शब्द गेले, मग वार गेले, मग माणसं. आमची मुलगी जॅनिस तिच्या मनातून पुसली गेली, सगळ्यात शेवटी मीही गेलो. घरी सांभाळवेना तेव्हा होममध्ये ठेवलं. ऑब्री तिथे आधीच होता, त्याच आजाराने.

ज्यांच्या घरात हे दुखणं येऊन गेलंय, त्यांना संध्याकाळ म्हणजे काय ते सांगायला नको. उन्हं उतरली की अख्खं होम पेटल्यासारखं व्हायचं. "मला घरी जायचंय." एकीने म्हटलं की दुसरी म्हणायची. पर्स छातीशी धरून फेऱ्या, दारं हलवणं, रडणं, नर्सला ओरबाडणं. नेरिडा दाराच्या मुठीशी झोंबायची, तिची नखं तुटायची. मग गोळी. गोळीनंतर खुर्ची, आणि खुर्चीत मान छातीवर पडलेली. सकाळी मी विचारलं, "काल कशी होती?" तर सांगायचे, "छान, शांत संध्याकाळ गेली."

अशा ठिकाणी ग्लेनिस आली, व्यायाम घ्यायला. तिचे पहिले दिवस मी पाहिलेत. "चला, हात वर!" एकही हात वर होत नसे. रंगीत फुगा टाकायची, तो ऑब्रीच्या मांडीवर पडून राहायचा. ऑब्री त्याच्याकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा, बाई बरी आहे ना अशा नजरेने. एकदा ती माझ्याशेजारी येऊन बसली. रडकुंडीला आली होती.

"विल्फ, मी म्हाताऱ्यांची बालवाडी चालवतेय. यांना लाज वाटते माझी. ही माणसं शनिवारी काय करायची हो?"

"कुठल्या शनिवारी?"

"विशीतल्या, पंचविशीतल्या."

पुढच्या आठवड्यात माझे ड्रम माळ्यावरून उतरले. त्यात उंदराने घर केलं होतं, ते मोडावं लागलं.

जोड्या बदलत नाचायचा पहिला बार्न डान्स सुरू केला आणि मी जे पाहिलं, ते मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. चमच्याचं काय करायचं हे ज्याला सुचत नव्हतं, तो ऑब्री उठला. सदऱ्याची कॉलर सारखी केली. सबंध खोली ओलांडून नेरिडासमोर जाऊन उभा राहिला, मान झुकवली आणि म्हणाला, "येणार?"

ती म्हणाली, "पाय तुडवू नकोस म्हणजे झालं."

कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून सबंध वाक्य आलं नव्हतं. आणि मग जोड्या बदलताना कुणाचा हात चुकला नाही, कुणाचं वळण चुकलं नाही. डोक्यातून गेलेलं सगळं पायांत शिल्लक होतं. नर्सेस दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

मला आनंद झाला का? झाला. आणि वाईट वाटलं का? वाटलं. मी तिच्यासाठी ढोलवाला होतो, तेवढाच. एकदा नाचता नाचता माझ्यापाशी थांबली, म्हणाली, "बरा वाजवतोस रे. तुझी बायको नाचत नाही का?"

"नाचते की. फार छान नाचते."

"मग बसलायस काय बडवत? जा ना तिच्याकडे!"

आणि ऑब्रीच्या हातात हात घालून निघून गेली. मी वाजवत राहिलो. वाजवणाऱ्याला मधेच थांबता येत नाही, सगळ्यांचे पाय अडखळतात.

पण ग्लेनिसचं खरं डोकं पुढे दिसलं. सुरुवातीला नाच आवरला की गोंधळ दुप्पट व्हायचा. संगीत बंद झालं तरी कुणी बसायला तयार नाही, सगळ्यांना घरी जायचंय, सगळे दाराशी. मी म्हटलं, गेलं सगळं मुसळ केरात. ग्लेनिस म्हणाली, "नाही विल्फ, आपलंच चुकतंय. आपण यांना नाचवतो आणि घरी पाठवतच नाही. शेवटचा वॉल्ट्झ लावायला हवा."

तेव्हापासून रोज दुपारी उन्हं कलताना शेवटचा वॉल्ट्झ. मग पुरुषांनी आपापल्या जोडीदारणीला तिच्या खोलीच्या दारापर्यंत पोचवायचं, शुभरात्री म्हणायचं आणि परतायचं. मागून ग्लेनिस आणि एक मदतनीस. संपलं. नेरिडा दाराशी आली की आत जायची, बूट काढायची, पलंगावर बसून पाय चोळायची. घरी आली होती ना ती. त्यानंतर दाराची मूठ कुणी हलवली नाही. गोळ्या निम्म्याहून कमी झाल्या. पायांत जोर आला, पडणं थांबलं, जेवण वाढलं. त्या वेळी, स्टुअर्ट, होमच्या जाहिरातीवर नेरिडा आणि ऑब्रीचा नाचतानाचा फोटो तुम्हीच छापला होतात. तेव्हा नाच धोक्याचा नव्हता.

घड्याळ बघताय ना? बघा. मी आता त्या प्रकरणावरच येतोय.

त्या दिवशी मी गावात नव्हतो. डोळ्याचं ऑपरेशन होतं, शहरात होतो. ग्लेनिसने टेप लावून नाच घेतला. त्याच दिवशी होमच्या पूर्वेकडच्या खोल्यांत नवे गालिचे घालायला माणसं आली होती. नेरिडाचा पलंग, कपाट, पडदे, सगळं सकाळीच पलीकडच्या बाजूला हलवलेलं. हे स्वयंपाकघराला कळवलं होतं. कपडे धुणाऱ्या बाईला कळवलं होतं. ग्लेनिसला कुणी कळवलं नाही. ती दुपारपुरती येणारी, तिला कशाला? मदतनीस त्या दिवशी दिला नव्हता, आणि वॉल्ट्झ संपता संपता एका बाईंना चक्कर आली म्हणून ग्लेनिस त्यांच्यापाशी जमिनीवर बसली होती. बाकीच्या जोड्या रोजच्यासारख्या आपापल्या वाटेला लागल्या.

पुढचं मला गालिचा बसवणाऱ्या माणसाने सांगितलं. दफनाला आला होता बिचारा, टोपी हातात चुरगाळत. ऑब्री नेरिडाला घेऊन रोजच्या दाराशी आला. दार उघडं. आत पलंग नाही, पडदा नाही, उघडी जमीन आणि गोंदाचा वास. दोघं बघत उभे राहिले. मग ऑब्री म्हणाला, "हे काही तुझं घर नव्हे गं."

"नाहीच मुळी."

"मग कुठे सोडू तुला?"

"नदीपलीकडे. हॅलोरनांकडे."

"लांब आहे. बूट बरे आहेत ना?"

"नाचले की त्यांत!"

गुंडाळ्या आत आणायला त्या माणसाने बाजूचं दार वीट लावून उघडं ठेवलं होतं. त्याला वाटलं, हे कुणाला तरी भेटायला आलेलं जोडपं आहे. इतके ताठ चालत होते, म्हणाला. त्याने बाजूला होऊन वाट दिली आणि म्हणाला, "सांभाळून जा, आज गारठा आहे." ऑब्री म्हणाला, "माझा कोट आहे."

जेवणाच्या वेळी दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या. गाव शोधायला निघालं, त्याबद्दल तुम्हा प्रत्येकाचा मी ऋणी आहे. तुम्ही रस्ते पालथे घातलेत, नदीचा काठ धुंडाळलात. मला मात्र सकाळी कळवलं. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला त्रास नको, असा चांगला विचार करून. कळवलं असतं तर मी सांगितलं असतं कुठे बघायचं ते.

हॅलोरनांचं घर पाडून कितीतरी वर्षं झाली. फाटकाचे दोन खांब उरलेत आणि एक पेअरचं झाड. सकाळी मेंढरं हलवायला गेलेल्या शेजाऱ्याला नेरिडा तिथे सापडली. खांबाला टेकून बसलेली, आजूबाजूचं गवत गोठून पांढरंफटक. अंगात ऑब्रीचा कोट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. तिच्या बोटांना बटणं लावणं जमत नव्हतं. ती त्याने लावली होती. ऑब्री गावच्या रस्त्यावर सापडला, नुसत्या सदऱ्यात, चालत. चालत होता म्हणून जगला, असं डॉक्टर म्हणाले.

काय चूक केली त्याने? दोन महिने मी हा प्रश्न उशाशी घेऊन झोपतोय. तिथे दिवा नव्हता. घरच नव्हतं तर दिवा कुठला? आणि दिवा नसेल तर फाटकाच्या आत जायचं नाही. त्याने मुलीला घरी आणलं, स्वतःचा कोट तिला घातला, शुभरात्री म्हटलं आणि मागे फिरला. आमच्या आयांनी आम्हाला चांगल्या घरच्या मुलांसारखं वागायला जे शिकवलं, ते त्याने जसंच्या तसं पाळलं. त्याच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं, एवढी रीत उरली होती. आणि त्या रीतीनेच माझी बायको मेली.

मग चौकशी झाली. समितीचं म्हणणं असं पडलं, की नाचामुळे या माणसांच्या मनातला भूतकाळ उगाच जागा झाला आणि पायांत बळ आल्याने धोका वाढला. हेस्टर, पुन्हा ऐक. पायांत बळ आलं, हा अपराध. विटेबद्दल एक शब्द नाही. हलवलेल्या पलंगाबद्दल नाही. न दिलेल्या मदतनिसाबद्दल नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. दिवाणखान्यात आता मोठा टीव्ही आलाय आणि मागे रेलणाऱ्या खुर्च्या आल्यात. एकदा बसलं की आपलं आपल्याला उठता येत नाही अशा. संध्याकाळच्या गोळ्याही आल्या. मिसेस ऑलिफंट बार्न डान्सला खिदळायच्या, त्या आता घास तोंडात धरून बसतात, गिळायचं विसरतात. त्यांच्या मुली इथे बसल्यात, विचारा.

माझी जॅनिस तिसऱ्या रांगेत आहे. ग्लेनिसविरुद्ध तक्रार तिने केली होती. तिला मी दोष देणार नाही. अशी आई गमावलेल्या लेकीला कुणावर तरी ओरडायला हवं असतं. मी इथे बोलणार हे कळल्यावर तिचा फोन आला होता.

"डॅड, त्या बाईमुळे आई गेली, आणि तुम्ही तिच्या कौतुकाला उभे राहणार?"

"उभं राहावंच लागतं गं, बसून आवाज पोचत नाही."

"चेष्टा नका करू! कधीतरी एकदा तरी चेष्टा नका करू!"

आणि फोन ठेवला. त्यानंतर उचललेला नाही. बस बाळ, उठू नकोस. माझं होत आलंय.

तिला आणखी एक गोष्ट सहन होत नाही. मी रोज संध्याकाळी ऑब्रीकडे जातो. त्याला कुलपाआडच्या खोल्यांत ठेवलंय. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात काय घेऊन गेलो, ते सभेत सांगण्यासारखं नाही. मुठी वळलेल्या होत्या, एवढंच सांगतो. त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि घाईघाईने कॉलर सारखी करायला लागला.

"मिस्टर हॅलोरन," म्हणाला.

माझ्या पांढऱ्या मिशा बघून त्याला मी नेरिडाचा बाप वाटलो.

"मिस्टर हॅलोरन, पोचली ना ती? उशीर झाला, मान्य करतो. पण मी फाटकापर्यंत आणली तिला, अगदी फाटकापर्यंत. दिवा नव्हता म्हणून आत आलो नाही. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत तुमची. मला तेव्हापासून चैन नाही. पोचली ना?"

वळलेल्या मुठी मी खिशात घातल्या.

"गार लागतंय म्हणाली, म्हणून कोट दिला. तो राहू द्या तिच्याकडे. तेवढं सांगा, पोचली ना?"

तुम्ही काय सांगितलं असतंत? खरं? आणि खरं सांगून ते उद्या विसरला असता, मग उद्या पुन्हा सांगायचं? रोज नव्याने? मी म्हटलं, "पोचली रे. झोपलीय." त्याचे खांदे खाली आले. तो डोळे मिटून बसला. नर्स म्हणाली, रोज संध्याकाळी तो हे दाराला विचारत होता, आणि दार उत्तर देत नव्हतं म्हणून आम्ही त्याला गोळी देत होतो. तेव्हापासून मी रोज जातो. रोज तो विचारतो, रोज मी नेरिडाला घरी पोचवतो.

काल त्याने नवीनच काढलं. म्हणाला, "मिस्टर हॅलोरन, येत्या शनिवारी तिला नाचायला विचारू का? तुमची हरकत नसेल तर."

मी म्हटलं, "विचार की."

तो तिथल्या तिथे उठायला गेला. दोन महिने खुर्चीत काढलेला माणूस. गुडघे लटपटले आणि तो मागे कोसळला. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघून ओशाळला. "लोकर कातरून जरा पाठ धरलीय," म्हणाला. "शनिवारपर्यंत होईल ठीक."

होणार नाही ठीक. मलाही ते दिसतं, डोळ्याचं ऑपरेशन छान झालंय.

ग्लेनिस, तू उत्तरेला बहिणीकडे चाललीस. तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला मला इथे बोलावलंय, ते आता बोलतो. तू माझ्या बायकोला रोज संध्याकाळी घरी पोचवलंस. एक संध्याकाळ सोडून. ती एक सगळ्यांनी तुझ्या माथी मारली, बाकीच्यांचा हिशोब कुणी ठेवला नाही. मी ठेवलाय. या गावातून मान खाली घालून जायचं नाही. नेरिडाचा नवरा म्हणून मी तुझे आभार मानतो, आणि हे मी सगळ्यांच्या तोंडावर म्हणतोय ते मुद्दाम.

आणि आता शेवटचं. आज गुरुवार. शनिवारी दुपारी मी माझे ड्रम घेऊन होमच्या दाराशी येणार आहे. सगळ्या दारांना कुलपं घाला, एकेका जोडीमागे एकेक माणूस चालवा, मी स्वतः चालतो. ग्लेनिसने शिकवलेल्या नर्सेस आहेत, नाच त्या घेतील. हेस्टर, तुमची समिती मंगळवारी बसते हे मला ठाऊक आहे. पण मी शनिवारचा शब्द दिलाय, आणि ऑब्रीचे पाय मंगळवारची वाट बघत नाहीत. तो विचारणार आहे, "येणार?" त्या वेळी त्याच्यासमोर कुणीतरी उभं असायला हवं.

नेरिडा येणार नाही. म्हणून जॅनिस, तिच्या जागी तू येशील का, हे मी चारचौघांत विचारतोय. रीत नाही, पण तू फोन उचलत नाहीस. तुझी मान आईसारखी आहे. उभी राहिलीस की पाठमोरी तीच दिसतेस. त्याला उठवू नकोस, खुर्चीतच हात धरू दे. संगीत थांबलं की एवढंच म्हण, "आज मी माझी जाईन, तू बस." म्हणजे त्याला त्या फाटकापर्यंत पुन्हा चालत जावं लागणार नाही.

अध्यक्षबाईंचे आभार, दोन मिनिटांची वीस करू दिल्याबद्दल स्टुअर्टचे आभार, आणि चहा थंड होत असतानाही कान देऊन बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. भरल्या मनाने बोललो, त्यात कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, तर या हॉलने मला माफ करावं. जॅनिस, तू नाही केलंस तरी चालेल. पण शनिवारी ये.